मातीपुढे बसताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातील लेखात मी असे म्हटले होते की, जपानमधील चहाच्या वाडग्यांचा आदर्श समोर ठेवून रोज हाताने एक वाडगा घडवत राहणे ही मन स्थिर करण्याची साधना होऊ शकते. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुक थोडे आणि तक्रारी पुष्कळ होत्या. तक्रारींत तथ्य आहे, म्हणून उत्तरासाठी मुख्यतः त्याच निवडल्या आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मनःशांतीसाठी सहा महिन्यांपूर्वी मी मातीकाम सुरू केले. आठवड्यातून तीन वेळा तासभर बसते. भिंत एका बाजूने पातळ होते, काठ फाटतो, आणि उठते तेव्हा बसताना होते त्यापेक्षा अधिक चिडलेली असते. शांतीच मिळत नसेल तर याला साधना कसे म्हणायचे? — एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : आपण एका बैठकीतून दोन गोष्टी मागत आहात : वाडगाही चांगला व्हावा आणि मनही शांत व्हावे. यांपैकी दुसरी मागितली की पहिली बिघडते, कारण हात मातीत असताना लक्ष मात्र ‘आता बरे वाटू लागले का’ हे तपासण्यात गुंतलेले असते. अशा वेळी भिंत पातळ होत चालली आहे, हे बोटांना कळले तरी आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

ओतागाकी रेंगेत्सू या बौद्ध भिक्षुणीचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. त्यांचा जन्म १७९१ चा आणि मृत्यू १८७५ चा. आयुष्य क्योतो आणि आसपास गेले. पती आणि मुले यांच्या मृत्यूनंतर त्यांनी संन्यास घेतला, आणि १८३२ मध्ये त्यांना दत्तक घेतलेले वडीलही गेल्यावर उदरनिर्वाहासाठी मातीकाम हाती घेतले. चाक न वापरता घडवलेल्या किटल्या आणि पेले, आणि त्यांवर अणकुचीदार टोकाने कोरलेल्या स्वतःच्या कविता, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. आज आपण त्या भांड्यांकडे ध्यानमग्न हातांचा नमुना म्हणून पाहतो. त्यांच्या दृष्टीने मात्र तो रोजच्या पोटापाण्याचा उद्योग होता, आणि किटलीच्या तोटीतून चहा नीट पडणे ही त्यातली पहिली अट होती. शांती होती असे मानले, तर ती या अटीच्या आत होती. काम बाजूला सारून ती वेगळी शोधावी लागत नव्हती.

आता आपल्या काठाविषयी, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. तळहातांच्या उबेने माती सुकत जाते, आणि काठ सर्वांत पातळ व सर्वांत उघडा असल्यामुळे आधी सुकतो. चिरा दिसल्या की बहुतेक जण पाणी लावतात. त्याने वरचा थर चिखल होतो, आतला कोरडाच राहतो आणि पुढच्या दाबाला दोन्ही एकमेकांपासून सुटतात. त्याऐवजी काठ शेवटपर्यंत जाड ठेवावा. तळहातात मावेल एवढा गोळा घ्यावा, अंगठा मधोमध रोवून तळाशी बोटभर माती उरली की थांबावे, आणि चिमटीचे काम तळापासून सुरू करून हळूहळू वर न्यावे : एक चिमट, किंचित फिरवणे, पुन्हा चिमट. भिंत मऊ पडून बाहेर पसरू लागली, तर वाडगा काठावर उपडा करून पंधरा-वीस मिनिटे सोडून द्यावा. या वेळात काहीही करायचे नसते, आणि माझ्या अनुभवात साऱ्या साधनेत हेच सर्वांत अवघड आहे.

बसण्यापूर्वी आपण माती किती वेळ मळता, हे पत्रात लिहिलेले नाही. जपानी कुंभारकामात ‘माती मळण्याची तीन वर्षे’ असा वाक्प्रचार आहे. तिथल्या एका मळणीला ‘किकुनेरी’ म्हणजे शेवंतीची मळणी म्हणतात, कारण गोळा दाबत आणि वळवत गेल्यावर त्याच्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या घड्या उमटतात. मळल्याने मातीतला ओलावा सगळीकडे सारखा होतो आणि अडकलेली हवा निघून जाते. ज्या दिवशी मन फार अस्वस्थ असेल, त्या दिवशी वाडगा करूच नये, नुसती माती मळावी. तेवढी बैठकही पुरेशी आहे.

आणखी एक सुचवतो. पुढचा महिनाभर एकही वाडगा ठेवू नका. प्रत्येक वाडगा पूर्ण झाला की तारेने त्याचे उभे दोन भाग करा आणि भिंतीचा छेद नीट पाहा. कुठे जाड राहिली, कुठे पातळ झाली, तळाशी किती माती उगाच उरली, हे डोळ्यांना दिसेल. मग डोळे मिटून पुढचा वाडगा करा आणि तो कापण्यापूर्वी बोटांनीच अंदाज बांधा. अंदाज आणि छेद जुळू लागले, की आपली चिडचिड कुठे गेली हे शोधावे लागेल.

प्रश्न : माझा प्रत्येक वाडगा वाकडा होतो. शिकवणारे म्हणतात, ‘हीच वाबी-साबी आहे, वाकडेपणातच सौंदर्य असते.’ मला मात्र तो नुसता वाकडा दिसतो. माझी दृष्टी अजून तयार झालेली नाही का? — अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी

उत्तर : दृष्टी तयार आहे, तिच्यावर विश्वास ठेवा.

आपल्याला पडलेला प्रश्न पाचशे वर्षांहून जुना आहे. साध्या, संयत चहाविधीची परंपरा ज्यांच्यापासून सुरू झाली असे मानतात, त्या मुराता जुको (१४२३–१५०२) यांनी एका शिष्याला लिहिलेल्या पत्रात नेमक्या याच वृत्तीला फटकारले आहे. बिझेन आणि शिगाराकी येथील ओबडधोबड, बिनझिलईची भांडी हाती धरून नवशिक्यांनी ‘गारठलेल्या, वाळलेल्या’ सौंदर्याचा आव आणावा, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. चांगली भांडी जवळ बाळगून, त्यांची गोडी पुरती ओळखल्यानंतर जी परिपक्वता येते तिला ते वाळणे म्हणत होते. म्हणजे ज्या वेळी ही सौंदर्यदृष्टी घडत होती, त्याच वेळी तिचा सबब म्हणून वापरही सुरू झाला होता.

पुढे या वादाला दोन टोके आली, आणि दोन्ही वाडग्यांच्या रूपाने पाहता येतात. क्योतोच्या दाईतोकुजी मंदिराच्या आवारातील कोहोआन या उपमंदिरात ‘किझाएमोन’ नावाचा वाडगा आहे. तो सोळाव्या शतकातील कोरियातला असून आज जपानची राष्ट्रीय ठेव आहे. लोककलेच्या ‘मिंगेई’ चळवळीचे प्रवर्तक यानागी सोएत्सू यांनी तो १९३१ मध्ये पाहिला आणि त्यांना तो अत्यंत साधा वाटला. त्यांच्या मते, गरिबांच्या रोजच्या जेवणासाठी घाईने केलेले ते भांडे होते. करणाऱ्याच्या मनात सौंदर्याचा विचारही नव्हता आणि म्हणूनच ते सुंदर झाले. दुसरे टोक राकू वाडग्यांचे. चहाचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या मार्गदर्शनाखाली क्योतोच्या चोजिरोने केलेल्या या वाडग्यांत प्रत्येक उतार विचारपूर्वक योजलेला आहे. यानागींना ही योजना कृत्रिम वाटत असे आणि राकूवर त्यांनी कठोर टीका केली.

मला यानागींचे म्हणणे अर्धेच पटते. चोजिरोचे काळे वाडगे पाहिले तर त्यांत वाकडेपणाचा मिरवणारा भाग जवळजवळ नाही. भिंत सरळ उठते, काठ किंचित आत वळतो, आणि वाडगा दोन तळहातांत बसेल एवढाच फुगतो. मुद्दाम पिळलेले, बुटाच्या आकाराचे वाडगे रिक्यू यांचे शिष्य फुरुता ओरिबे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीत दिसतात, आणि तेही धीट हातांनी घेतलेले निर्णय आहेत. आपल्या वाडग्यात निर्णय नाही आणि कोरियातील त्या कारागिराने आयुष्यभर तेच भांडे करून कमावलेली सहजताही अद्याप नाही. यात कमीपणा काही नाही, पण त्याला वाबी-साबी म्हणू नये.

परीक्षा सोपी आहे. वाडग्यात पाणी भरा, दोन्ही हातांत धरा, पाणी प्या. ओठांना काठ कुठे गोड लागतो? रिकामा करून सपाट पृष्ठभागावर ठेवला तर डगमगतो का? मग उपडा करून पेंद्याखालची कडी पाहा. जपानीत तिला ‘कोदाई’ म्हणतात, आणि चहा पिऊन झाल्यावर पाहुणे ती आवर्जून पाहतात, कारण करणाऱ्याचा हात तिथे लपत नाही. डगमगणारा वाडगा हा दोष आहे. जिथे ओठ टेकतात तिथे काठ थोडा खाली उतरला असेल आणि त्यामुळे पिणे सुखाचे होत असेल, तर तो वाकडेपणा ठेवण्यासारखा आहे.

प्रश्न : चाक नसेल तर हे सारे अपुरेच नाही का?

उत्तर : नाही. राकू वाडगे आजही चाकाशिवाय होतात : मातीची जाड चकती घेऊन दोन्ही तळव्यांनी तिच्या कडा वर उचलायच्या, आणि थोडी घट्ट झाल्यावर पात्याने आतून-बाहेरून कोरून आकार काढायचा. चाक मिळाले तर जरूर वापरावे, पण त्याचा वेग नवशिक्याला आपल्यामागे ओढतो. हामादा शोजी (१८९४–१९७८) यांच्यासारखा सिद्धहस्त कुंभारही काठीने फिरवायचे हाताचे चाक वापरत असे. जाता जाता : जपानमध्ये चाक सहसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि पाश्चात्त्य देशांत उलट, त्यामुळे दोन्हीकडचे व्हिडिओ आलटून पालटून पाहणाऱ्यांचे हात गोंधळतात. एक दिशा ठरवून टाकावी.

प्रश्न : महिनाभर मन लावून केलेल्या चार वाडग्यांपैकी दोन भट्टीत फुटले, एकाच्या अक्षरशः ठिकऱ्या झाल्या. भट्टीवाले म्हणाले, आत हवेचा बुडबुडा राहिला असेल. सहाध्यायी म्हणाली, आगीची इच्छा समजून स्वीकार करावा. मला दोन्ही पटत नाही. — एक गृहिणी

उत्तर : दोन्ही न पटणे योग्यच आहे. ठिकऱ्या बहुधा बुडबुड्याने उडत नाहीत, त्या वाफेने उडतात. वरून कोरड्या दिसणाऱ्या भिंतीत ओल राहिली आणि भट्टी घाईने १०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली, की त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि ती भिंत फोडून निघते. जाड तळाच्या वाडग्यांना हा धोका जास्त असतो. भाजण्यापूर्वी वाडगा गालाला लावून पाहावा. गार लागला तर ओल अजून उडते आहे असे समजावे. शंका असल्यास भट्टी कित्येक तास १०० अंशांच्या खालीच ठेवावी.

दुसऱ्या वाडग्याला नुसती चीर गेली असेल, तर तिची जागा पाहा. जोडाच्या रेषेवर असेल तर दोन्ही भाग जोडताना त्यांतील ओल सारखी नव्हती किंवा जोडण्यापूर्वी पृष्ठभाग नीट खरवडून चिखल लावलेला नव्हता. काठापासून खाली आली असेल तर काठ आधी सुकला आणि तळ मागे राहिला. ओल्या मातीपासून पक्क्या भांड्यापर्यंतच्या प्रवासात वाडगा साधारणपणे दहा-बारा टक्क्यांनी आक्रसतो. सगळा एकत्र आक्रसला तर काही होत नाही, एक भाग पुढे गेला तर तो दुसऱ्याला फाडतो. म्हणून काठावर पातळ प्लास्टिक टाकून तळाला आधी सुकू द्यावे. भट्टी थंड होतानाही घाई करू नये, कारण ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, आकारमान एकाएकी बदलते आणि नाजूक जागा तिथे तडकतात.

आगीचा वाटा मी नाकारत नाही. बिझेन येथे बिनझिलईची भांडी लाकडाच्या भट्टीत दहा ते चौदा दिवस भाजतात, आणि उडालेली राख कुठे बसेल, ज्वाळ कुठून वळेल हे पूर्णपणे कोणाच्याच हातात नसते. तिथल्या भांड्यांवरच्या तांबड्या रेघा प्रसिद्ध आहेत. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत, त्याच्या खुणा भाजताना लाल उमटत. परंतु त्या भट्टीत जाणारे भांडे पुरते वाळलेले असते. जे आपल्या हातात होते ते नीट केल्यावर उरते ते आगीचे. वाळवण्यातली घाई तिच्या नावावर टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे. आणि हो, महिनाभराच्या कामाचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. ते दडपण्याचीही गरज नाही.

प्रश्न : माझ्याकडे भट्टी नाही. हवेत सुकणाऱ्या मातीचे वाडगे करून, वर वॉर्निश लावून, त्यातून चहा प्यायला चालेल का?

उत्तर : चालणार नाही. माती साधारण ६०० अंशांच्या आसपास तापली की तिच्या कणांच्या रचनेतले पाणी निघून जाते आणि ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. तोपर्यंत ती कितीही कडक वाटली तरी पाण्याला शरण जाते. हवेत सुकणाऱ्या मातीला चिकट द्रव्ये बांधून ठेवतात आणि गरम चहापुढे वॉर्निश टिकत नाही, शिवाय ते पोटात जाण्याजोगे नसते. अशी भांडी शोभेसाठी ठेवावीत, किंवा साधी माती वापरून एखाद्या सामायिक भट्टीत भाजून घ्यावी.

मात्र भट्टी नसणे हा साधनेतला अडथळा नाही, उलट एक सोय आहे. साध्या मातीचा वाडगा करा, पूर्ण वाळू द्या, आणि मग पाण्याच्या बादलीत सोडा. खडखडीत वाळलेली माती पाणी झटकन शोषते आणि काही मिनिटांत थरांनी ढासळत जाते. अर्धवट ओला गोळा तसा विरघळत नाही, म्हणून पूर्ण वाळवणे आवश्यक आहे. वाडगा ढासळताना पाहत बसण्यासारखा असतो. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी काढून चिखल कापडावर पसरावा; घट्ट झाला की मळून पुन्हा कामाला घ्यावा. दहा किलो माती अशी वर्षभर पुरते. एक काळजी घ्या : वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, तेव्हा जागा कधीही झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्न : राकूच्या कार्यशाळेत लाल तापलेली भांडी भुशात टाकून पेटवली. ही मूळ जपानी पद्धत आहे का?

उत्तर : नाही. भुशातला धूर आणि ज्वाळा ही पॉल सोल्डनर या अमेरिकी कुंभाराने १९६० च्या सुमारास रूढ केलेली रीत आहे. क्योतोचा काळा राकू वाडगाही लाल तापलेल्या अवस्थेत चिमट्याने बाहेर काढतात, आणि चिमट्याची खूण कधी कधी त्याच्यावर राहते, पण तो भुशात न टाकता तसाच निवू देतात. कार्यशाळेतले भांडे देखणे असेल. त्याची माती सच्छिद्र आणि झिलई तडकलेली असते, त्यामुळे त्यातून खाऊ-पिऊ नये.

प्रश्न : किंत्सुगी शिकण्याची इच्छा आहे. त्यासाठी माझेच दोन वाडगे मुद्दाम फोडावेत असे मनात आहे. आपले मत? — एक चित्रकार

उत्तर : फोडू नका. किंत्सुगी ही दुरुस्ती आहे, आणि दुरुस्तीला आधी गमावल्याचे कारण लागते. फुटलेले तुकडे उरुशी या झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेने जोडायचे आणि सांध्यावर सोन्याची पूड बसवायची, ही तिची रीत. ज्या भांड्यावर एवढा वेळ आणि सोने खर्च होई, ते आधीच कोणाला तरी मोलाचे असे.

तिच्या उगमाची एक कथा सर्वत्र फिरते : शोगुन म्हणजे लष्करी शासक असलेले आशिकागा योशिमासा यांनी तडकलेला चिनी वाडगा बदलून मागण्यासाठी चीनला पाठवला, तो धातूचे टाके घालून परत आला, ते टाके कुरूप वाटले म्हणून जपानी कारागिरांनी सोन्याचा उपाय शोधला. तो फिकट हिरवा वाडगा आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, टाके अजून तसेच आहेत, आणि गंमत अशी की त्या टाक्यांवरूनच त्याला टोळाचे नाव मिळून तो अधिक प्रिय झाला. कथेचा शेवट वस्तूशी जुळत नाही. आपल्या बाजूने एक दाखला मात्र प्रामाणिकपणे द्यायला हवा. फुरुता ओरिबे यांनी एक कोरियन वाडगा फार मोठा वाटला म्हणून फुलीच्या रेषांवर कापून लहान करून जोडवला, असे परंपरा सांगते, आणि फुलीच्या सांध्यांचा तो वाडगा आजही जपून ठेवलेला आहे. पण तिथे आकाराविषयी एक ठाम मत होते. केवळ सोनेरी रेघ हवी म्हणून तो कापलेला नव्हता.

शिकायचेच असेल तर कपाटात कानतुटका कप किंवा टवका उडालेली बशी असतेच. तिच्यापासून सुरुवात करा. बाजारातील तयार संचांत बहुधा इपॉक्सी आणि सोनेरी रंगाची पूड असते. अन्नासाठी सुरक्षित असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते भांडे फक्त शोभेचे मानावे. खरी उरुशी हाताळताना हातमोजे अनिवार्य आहेत, कारण ओल्या लाखेने त्वचेवर तीव्र पुरळ उठते. ती कोरड्या हवेत वाळत नाही. तिला ऊब आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते, म्हणून तुकडे ओल्या फडक्यासह बंद खोक्यात ठेवतात. जोडणे, खाचा भरणे, घासणे, लाखेचे हात देणे आणि शेवटी सोने, या प्रत्येक टप्प्यानंतर काही दिवस थांबावे लागते, आणि एका वाडग्याला सहज दीड-दोन महिने जातात. आपला एखादा वाडगा कधी हातून निसटला, तर तुकडे एका कापडात बांधून ठेवा. आठवडाभर चहाच्या वेळी त्याचीच आठवण होत राहिली, तर उरुशी मागवा.